चित्राचा भाव कोण ठरवितो ?

सन २०२५ च्या मार्च महिन्यांतील गोष्ट. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें वर्तमानपत्रांतील एक बातमी कापून आणली आणि ती फळ्याच्या कडेस चिकटविली. मकबूल फिदा हुसेन ह्या चित्रकाराचें 'ग्रामयात्रा' नांवाचें चित्र १९ मार्च रोजीं न्यूयॉर्क येथील लिलावांत १ कोटि ३७ लक्ष ५० हजार डॉलरांस, म्हणजे आपल्या चलनांत ११८ कोटि रुपयांहून अधिक किंमतीस, विकलें गेल्याची ती बातमी होती. आधुनिक भारतीय चित्रकाराच्या कोणत्याहि चित्रास तोंपर्यंत लिलावांत इतकी किंमत आलेली नव्हती. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, हें सांगितल्यावर तर मुलांस अधिकच कौतुक वाटलें.

वर्गांत साहजिकच गलबला झाला. एकानें तेवढ्या रकमेंत किती शाळा बांधून होतील ह्याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडावयास घेतला. दुसरा म्हणाला, "असलें चित्र तर मीहि काढीन." तिसऱ्यानें लागलीच त्याच्या चित्रकलेच्या वहींतील शेरे सर्वांस ऐकविले, आणि हंशा पिकला. तो ओसरल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीनें शांतपणें विचारलें, "पण सर, हे पैसे मिळाले कोणाला ?"

ह्या प्रश्नाचें पुरतें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा मी प्रयत्न करणार आहे. आमच्या शाळेंतून दरवर्षीं कित्येक मुलें एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांस बसतात, आणि त्यांतील दोघांचौघांच्या घरीं तरी पुढें असा दिवस उगवतो कीं, मुलगा किंवा मुलगी "मला चित्रकलाच शिकावयाची आहे" असें म्हणते व वडील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. अशा प्रसंगीं ११८ कोटींच्या बातमीचा काय उपयोग करावा, आणि काय करूं नये, हें ठरविणें विद्यार्थ्यांइतकेंच पालकांसहि आवश्यक आहे.

प्रथम पैशाची हकीकत सांगतों. 'ग्रामयात्रा' हें चित्र हुसेन यांनीं १९५४ सालीं काढलें. नॉर्वे देशांतील एक डॉक्टर त्या वेळीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठीं दिल्लीस आले होते. त्यांनीं तें त्याच वर्षीं विकत घेतलें व आपल्या बरोबर मायदेशीं नेलें. १९६४ सालीं तें ऑस्लो शहरांतील रुग्णालयाकडे गेलें आणि पुढें कित्येक वर्षें तेथेंच भिंतीवर राहिलें. हुसेन २०११ सालीं लंडन येथें वारले. लिलावांत आलेली रक्कम त्या रुग्णालयाची, आणि ती तेथील तरुण डॉक्टरांच्या शिक्षणासाठीं वापरावयाची, असें ठरलेलें होतें. म्हणजे ज्या हातानें तें चित्र काढलें त्या हातास ११८ कोटींपैकीं कांहींहि मिळालें नाहीं. त्या हाताचा हिशेब १९५४ सालींच पुरा झाला होता. ह्यांत कोणीं कोणास फसविलें असें नाहीं. डॉक्टरांनीं चित्र आवडलें म्हणून घेतलें, मागितलेली किंमत दिली व तें जपलें. पैसाहि चांगल्या कार्यास लागला. तथापि चित्राचा बाजार कसा चालतो, तें ह्या एका उदाहरणावरून स्पष्ट होतें. चित्रकार आपलें चित्र एकदांच विकतो. पुढें तें दहा वेळां विकलें गेलें तरी तो व्यवहार एका मालकाचा दुसऱ्या मालकाशीं असतो.

लिलाव म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लासलगांवचा कांदा किंवा गुळाची पेठ उभी राहते. तेथील भाव कसा ठरतो हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. आवक किती, मागणी किती, माल ओला कीं सुका, यावर सर्व अवलंबून. कांदा महाग झाला तर पुढच्या हंगामांत लोक अधिक कांदा लावितात, आणि भाव खालीं येतो. चित्राचें तसें नाहीं. तें एकच असतें. तें खाऊन संपत नाहीं. चित्रकार मरण पावला म्हणजे त्याच्या चित्रांची आवक कायमची बंद होते. आणि भाव चढावयास शेंकडों गिऱ्हाइकें लागत नाहींत. तें चित्र आपल्याच घरीं गेलें पाहिजे असा हट्ट धरणारीं दोन धनवान माणसें पुरतात. 'ग्रामयात्रा'ची किंमत लिलाव करणाऱ्यांनीं आधीं २५ ते ३५ लक्ष डॉलर अंदाजिली होती. ती प्रत्यक्षांत वरच्या अंदाजाच्याहि जवळजवळ चौपट झाली. ज्यांचा धंदाच किंमत सांगण्याचा त्यांचा अंदाज जर इतका चुकतो, तर तो आंकडा म्हणजे चित्राच्या अंगचा गुण नव्हे, हें उघड आहे. त्या दिवशीं त्या दालनांत किती पैसा व किती ईर्षा जमली होती, एवढेंच तो सांगतो.

परंतु येथें कोणी विचारील कीं, धनवानांची ईर्षा ह्याच चित्राविषयीं कां ? जगांत चित्रें कोट्यवधि आहेत. ह्याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर 'नांव' असें द्यावें लागेल. मग नांव कोण देतो, आणि तें कितपत टिकतें, हा खरा प्रश्न ठरतो. तो समजण्यासाठीं वाचकांनीं माझ्याबरोबर थोडा वेळ सन १८९० मध्यें यावें, अशी विनंति आहे. त्या एका वर्षांत यूरोपमध्यें तीन चित्रें विकलीं गेलीं. त्यांची कथा एकत्र वाचली म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

पॅरिस शहरांत शोशार नांवाचे एक गृहस्थ होते. एका विशाल दुकानाच्या धंद्यांत त्यांनीं अपार संपत्ति मिळविली होती. त्यांनीं १८९० सालीं मेसोनिये ह्या चित्रकाराचें '१८१४' हें चित्र ८ लक्ष ५० हजार फ्रँक देऊन घेतलें. बर्फाच्या चिखलांतून खिन्न मुद्रेनें घोड्यावरून चाललेला नेपोलियन व त्याच्या मागून येणारे थकलेले सेनापति, असा त्या चित्राचा विषय आहे. मेसोनिये तेव्हां हयात होते. त्यांच्याइतका मान व त्यांच्याइतका भाव मिळविणारे चित्रकार त्या काळीं फ्रान्समध्यें फार थोडे होते. १८९१ सालीं ते वारल्यावर लूव्रच्या बागेंत त्यांचा संगमरवरी पुतळा बसविण्यांत आला.

त्याच शोशार यांनीं त्याच वर्षीं ७ लक्ष ५० हजार फ्रँक देऊन मिले ह्या चित्रकाराचें 'आँजेलुस' हें चित्र घेतलें. ह्या चित्राची छापील प्रत आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. बटाट्याच्या शेतांत दिवसभर राबलेलें एक शेतकरी जोडपें, दूरच्या देवळाची सायंकाळची घंटा ऐकून, हातांतील काम थांबवून, मान लववून उभें आहे. चित्र लहानसें आहे. लांबीरुंदीस दोन सव्वादोन फुटांपलीकडे नाहीं. मिले यांनीं तें १८६० च्या सुमारास सुमारें एक हजार फ्रँकांस दिलें होतें. १८७५ सालीं ते वारले. १८८९ सालीं तें लिलावांत आलें तेव्हां फ्रान्स व अमेरिका यांच्यांत जणूं युद्धच पेटलें. फ्रेंच सरकारच्या वतीनें ५ लक्ष ५३ हजार फ्रँकांची बोली झाली. परंतु कायदेमंडळानें ती रक्कम मंजूर केली नाहीं, व चित्र अमेरिकेस गेलें. तेथें तें गांवोगांवीं दाखविण्यांत आलें. पुढच्या वर्षीं शोशार यांनीं तें परत आणलें. ह्या सर्व घडामोडींत पैसा ज्यांच्या हातीं पडला त्यांत मिले यांचें कुटुंब नव्हतें. त्यांचे वारस हालाखींत दिवस काढीत असतां त्यांच्या घरांतून गेलेल्या चित्रावर परके लोक लक्षावधि मिळवितात, ही गोष्ट फ्रान्समध्यें वारंवार सांगितली जाऊं लागली. अखेर १९२० सालीं तेथें असा कायदा झाला कीं, चित्र पुन्हां विकलें गेल्यास त्या किंमतीचा कांहीं अंश चित्रकारास, किंवा तो नसल्यास त्याच्या वारसांस, मिळावा.

आतां तिसरें चित्र. १८९० सालच्या आरंभीं ब्रुसेल्स येथें एक प्रदर्शन भरलें होतें. त्यांत 'लाल द्राक्षमळा' नांवाचें एक चित्र ॲना बॉख ह्या बाईंनीं ४०० फ्रँकांस घेतलें. त्या स्वतःहि चित्रकार होत्या. तें चित्र काढणारा मनुष्य तेव्हां छत्तीस वर्षांचा होता, व त्याचीं फारच थोडीं चित्रें त्याच्या हयातींत विकलीं गेलीं. त्याच वर्षीं २९ जुलै रोजीं तो वारला. त्याचें नांव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. मेसोनिये यांच्या एका चित्राच्या किंमतींत त्या दिवशीं 'लाल द्राक्षमळ्या'सारखीं दोन हजारांहून अधिक चित्रें आलीं असतीं.

आणि आज ? मेसोनिये यांचें नांव चित्रकलेच्या इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसें कोणास ठाऊक नाहीं. लूव्रच्या बागेंतील त्यांचा पुतळाहि पुढें तेथून हलविण्यांत आला. उलट व्हॅन गॉग यांनीं काढलेलें डॉक्टर गाशे यांचें चित्र १९९० सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूस शंभर वर्षें होत असतां, न्यूयॉर्कच्या लिलावांत ८ कोटि २५ लक्ष डॉलरांस गेलें. हेंच चित्र १८९७ सालीं ३०० फ्रँकांस विकलें गेलें होतें. रंग तेच, रेषा त्याच. मधल्या काळांत बदललीं तीं माणसें.

हा बदल आपोआप झाला असें समजणें चुकीचें होईल. त्यामागें एका बाईची पस्तीस वर्षांची मेहनत आहे, आणि मला वाटतें कीं, ह्या सर्व कथेंत मुलांनीं लक्षांत ठेवण्याजोगें नांव हेंच आहे. व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ थिओ यानें त्यास जन्मभर पोसलें. थिओची पत्नी योहाना. लग्नास दोन वर्षें होण्यापूर्वींच, १८९१ च्या जानेवारींत, थिओ वारला. योहानाचें वय तेव्हां अठ्ठावीस वर्षांचें. पदरांत एक वर्षाचा मुलगा. आणि घरांत दिराचीं शेंकडों न विकलेलीं चित्रें. कित्येकांच्या मतें त्या चित्रांस कांहींच किंमत नव्हती. योहाना हॉलंडमधील बुसुम नांवाच्या गांवीं गेली, तिनें राहण्याजेवण्याचे पाहुणे ठेवून संसार चालविला, आणि तीं चित्रें घराच्या भिंतींवर लाविलीं. ती पूर्वी इंग्रजीची शिक्षिका होती. टीकाकार काय लिहितात, प्रदर्शनें कशीं भरवितात, हें तिनें हळूहळू शिकून घेतलें. ती चित्रें प्रदर्शनांस पाठवी, कांहीं विकी, परंतु उत्तम तीं राखून ठेवी. विक्रीची नोंद ती वहींत टिपून ठेवीत असे. १९०५ सालीं आम्स्टरडॅम येथें तिनें ४८० हून अधिक चित्रांचें प्रदर्शन भरविलें. १९१४ सालीं तिनें व्हिन्सेंटनें आपल्या भावास लिहिलेलीं पत्रें छापून प्रसिद्ध केलीं, आणि लोकांस चित्रांच्या मागचा मनुष्य दिसला. १९२४ सालीं तिनें 'सूर्यफुलें' हें तिला अत्यंत प्रिय असलेलें चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीस दिलें, तें अशासाठीं कीं, तेथें तें सर्वांस पाहावयास मिळावें. १९२५ सालीं ती वारली. तिच्या मुलानेंहि पैशाचा लोभ धरला नाहीं. उरलेला संग्रह त्यानें संस्थेच्या स्वाधीन केला, व १९७३ सालीं आम्स्टरडॅममध्यें त्याचें संग्रहालय उघडलें.

ह्यावरून दोन प्रकारचीं माणसें दोन निरनिराळे निष्कर्ष काढतील. एक म्हणेल, "पाहा, चांगल्या कलेस केव्हां ना केव्हां न्याय मिळतोच." हें समाधान खोटें आहे. योहाना नसती तर तीं चित्रें जुन्या बाजारांत गेलीं असतीं. ज्यांच्या घरीं योहाना नव्हती अशा किती चित्रकारांचें काय झालें, हें आपणांस कधींच कळणार नाहीं. दुसरा म्हणेल, "म्हणजे हें सर्व जाहिरातीचें काम. दगडासहि शेंदूर फासला कीं देव." हेंहि खरें नाहीं. मेसोनिये यांच्या पाठीशीं सरकार, वर्तमानपत्रें, धनिक, सर्व कांहीं होतें. योहानेच्या पाठीशीं कोणी नव्हतें. तरी काळानें निवाडा उलट दिला. नांव मिळवून देतां येतें, परंतु तें टिकावयास चित्रांत कांहीं तरी असावें लागतें. आणि चित्रांत कांहीं असलें तरी तें इतरांपुढें आणणारें, त्याविषयीं बोलणारें व तें जपणारें कोणी तरी लागतें. दोहोंपैकीं एकानेंच भागत नाहीं.

आपल्या मुंबईचा दाखला घेतला तरी हेंच दिसतें. तरुणपणीं हुसेन पोटासाठीं सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवीत असत. १९४७ सालीं सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे व हुसेन अशा सहा जणांनीं मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन केला, तेव्हां त्यांच्या चित्रांस बाजार असा नव्हताच. सूझा मूळचे गोव्याचे. बाकरे शिल्पकार होते. ह्या तरुणांस प्रथम ओळखलें तें हिटलरच्या छळामुळें यूरोप सोडून मुंबईस आलेल्या माणसांनीं. लँगहॅमर स्वतः चित्रकार होते. ते ह्या मुलांस घरीं बोलावून शिकवीत. फॉन लायडेन त्यांच्याविषयीं वर्तमानपत्रांत लिहीत. श्लेसिंगर त्यांचीं चित्रें विकत घेत. पुढें डॉक्टर होमी भाभा यांनीं आपल्या विज्ञानसंस्थेच्या भिंतींसाठीं मुंबईच्या तरुण चित्रकारांचीं चित्रें आवर्जून घेतलीं. ह्या मंडळींपैकीं कोणापाशींहि लिलावाचे आंकडे नव्हते. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून, चित्रकार जिवंत असतांना, त्यास पैशाची गरज असतांना, त्यांनीं ती चित्रें घेतलीं. दिल्लीस आलेल्या त्या डॉक्टरांनींहि १९५४ सालीं तेंच केलें. न्यूयॉर्कच्या दालनांत २०२५ सालीं ज्यानें हात वर केला त्यानें मोठा पैसा दिला खरा. परंतु चित्रकाराच्या उपयोगी पडला तो पहिला गिऱ्हाईक. चित्रकाराचें पोट पहिल्या विक्रीवर भरतें.

आपल्या देशांतील कायद्यानेंहि ह्या बाबतींत कांहीं विचार केलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालच्या दुरुस्तीनें असें एक कलम घातलें गेलें कीं, मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस पुन्हां विकलें गेल्यास चित्रकारास किंवा त्याच्या वारसांस त्या किंमतींत वांटा मागतां यावा; हा वांटा शेंकडा दहांहून अधिक असूं नये. उद्देश स्तुत्य आहे. परंतु चित्र कोणीं कोणास केव्हां विकलें हें चित्रकारास कळलें तरच तो मागणी करणार, आणि परदेशांतील लिलावांस आमचा कायदा लागू पडत नाहीं. तेव्हां कायद्यावर सर्व भार टाकून आपण मोकळे होऊं शकत नाहीं.

येथें मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वी माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचा हात विलक्षण होता. पावसांत भिजत उभ्या असलेल्या म्हशींचें त्यानें कोळशानें काढलेलें चित्र मला अजून आठवतें. म्हशींच्या पाठीवरून वाहणारें पाणी त्यानें कागद नुसता कोरा सोडून दाखविलें होतें. त्याचे वडील मला भेटावयास आले व म्हणाले, "सर, आपण म्हणाल तसें करतों. ह्यांत पोट भरेल का, तेवढें सांगा." मीं त्यांस काय सांगावें ? मोठ्या उत्साहानें मीं त्यांस लिलावांचे आंकडे ऐकविले. अमक्याचें चित्र इतक्या कोटींस गेलें, तमक्याचें तितक्या कोटींस. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "हे पैसे मिळाले तेव्हां ते चित्रकार हयात होते का ?" मजपाशीं उत्तर नव्हतें. मुलगा दुसऱ्या शाखेकडे गेला. तो आज चांगला मिळविता आहे, आणि त्याचें कांहीं वाईट झालें असें मी म्हणणार नाहीं. मात्र मध्यंतरीं भेटला तेव्हां, आपण कित्येक वर्षांत पेन्सिल हातीं धरलेली नाहीं, असें तो म्हणाला, आणि लगेच दुसरा विषय काढला.

त्या गृहस्थांचा प्रश्न प्रामाणिक होता. माझें उत्तर तसें नव्हतें. मीं त्यांस सोडतीच्या तिकिटाचा मोह दाखविला, आणि शहाण्या बापानें तो नाकारला. मीं त्यांस असें सांगावयास हवें होतें कीं, केवळ चित्रें विकून पोट भरणारीं माणसें थोडीं असतात; आरंभीचीं वर्षें बहुधा ओढगस्तीचीं जातात; म्हणून चित्रकला शिकणारे पुष्कळ जण शिक्षक होतात, पुस्तकांस चित्रें काढतात, कापडावरील नक्षी, छपाई, रंगभूमि, चलच्चित्रें अशा उद्योगांत शिरतात, व त्यांत प्रतिष्ठेनें राहतात. शिवाय हें सांगावयास हवें होतें कीं, मुलानें दुसरा कोणताहि धंदा केला तरी त्याचा हात चालू राहील अशी तजवीज करा. कारण ज्यास म्हशीच्या पाठीवरचें पाणी असें दिसतें त्याची दृष्टि ही घरांतील एक ठेव आहे. ह्या उत्तरांत कोटि नाहींत. परंतु तें खरें आहे, आणि कदाचित् त्या वडिलांस तें पटलेंहि असतें.

म्हणून पालकांस माझी विनंति अशी कीं, मुलाच्या चित्रकलेचा विचार करतांना लिलावाचा आंकडा दोन्ही बाजूंनीं दूर ठेवावा. त्या आशेनें मुलास ह्या मार्गास लावूं नये, आणि तेवढें मिळणार नाहीं म्हणून त्यास अडवूंहि नये. विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें असें कीं, चित्र पाहतांना आधीं किंमत विचारूं नका. मुंबईस गेलांत तर जहांगीर आर्ट गॅलरींत जा; १९५२ सालापासून तें दालन चित्रकारांसाठीं उघडें आहे. तेथें एखाद्या चित्रापुढें पांच मिनिटें उभे राहा. तें आवडलें तर कां आवडलें, न आवडलें तर कां नाहीं, हें स्वतःच्या शब्दांत सांगून पाहा. "असलें चित्र मीहि काढीन" असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र मग घरीं येऊन तें काढून पाहिलें पाहिजे. आमच्या वर्गांतील त्या विद्यार्थ्यास मीं हेंच सांगितलें. त्यानें आठ दिवस प्रयत्न केला. त्याचें चित्र काय झालें तें तो मला दाखवीत नाहीं, पण हुसेन यांच्या रेषेविषयीं तो आतां पूर्वीपेक्षां पुष्कळ जपून बोलतो.

शेवटीं एक सूचना करून हा लेख पुरा करतों. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनास दरवर्षीं वर्गणी जमते. तींतील अल्पसा भाग बाजूस काढून शाळेनें दरवर्षीं एक चित्र विकत घ्यावें. तें जिल्ह्यांतील एखाद्या तरुण चित्रकाराचें असावें. शक्य तर आपल्याच माजी विद्यार्थ्याचें असावें. आणि त्याची रास्त किंमत द्यावी, फुकट किंवा 'शाळेसाठीं म्हणून' मागूं नये. निवड शिक्षकांनीं एकट्यांनीं न करतां दहावीच्या मुलांस सोबत घेऊन करावी, व आपण हेंच चित्र कां निवडलें तें मुलांनीं चार ओळींत लिहून चित्राखालीं लावावें. पालकांनींहि लग्नाकार्यांत द्यावयाच्या भेटी ठरवितांना घड्याळें व भांडीं यांबरोबर एखाद्या चित्राचा विचार करावयास हरकत नाहीं. वीस वर्षांनीं शाळेच्या ओसरीवर वीस चित्रें होतील. त्यांपैकीं एखाद्याची किंमत कदाचित् वाढेल, बहुतेकांची वाढणार नाहीं. त्यामुळें आपला कांहीं तोटा होणार नाहीं. वीस तरुणांस त्यांच्या गरजेच्या वेळीं कोणी तरी विचारून, पैसे मोजून, त्यांचें काम घरीं नेलें, एवढें झालेलें असेल. आणि येतांजातां त्या भिंतीकडे पाहणाऱ्या मुलांच्या कित्येक तुकड्या शाळेंतून बाहेर पडलेल्या असतील.

त्या मुलीच्या प्रश्नास आतां मला उत्तर देतां येतें. हे पैसे रुग्णालयास मिळाले. हुसेन यांस जें मिळालें तें १९५४ सालींच, दिल्लीस आलेल्या एका परक्या माणसानें त्यांच्या चित्रापुढें थांबून खिशांत हात घातला तेव्हां मिळालें. ११८ कोटि देणें आपणांपैकीं कोणाच्याहि हातीं नाहीं. चित्रापुढें थांबणें मात्र आहे.